हुन्नर दाखविण्याआधी तारीख पक्की करा

इंग्लंडच्या बोल्टन गावच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली कताईचे ‘म्यूल’ यंत्र तयार केले. त्यावर बारीक आणि मजबूत सूत निघू लागले, तसे लोक त्याच्या घरात डोकावू लागले. पेटंट काढण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. कारखानदारांनी वर्गणीचे वचन दिले, त्याने यंत्र उघड केले आणि हाती किरकोळ रक्कम पडली. १८१२ साली पार्लमेंटने ५,००० पौंड दिले खरे, पण तोवर त्याच्या यंत्रावर इतरांच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या.

हीच गोष्ट आमच्या यंत्रमागाच्या गावांत आजही घडते. एखादा जॉबर किंवा फिटर मागात असा बदल करतो की तार कमी तुटते. कौतुकाने तो चार कारखान्यांत दाखवितो. थोड्याच दिवसांत तोच सुटा भाग लेथवाल्याकडे विकायला येतो. कारागिराच्या वाट्याला फक्त शाबासकी येते. कापडाच्या धंद्यात आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ‘पेटंट हे मोठ्या कंपन्यांचे काम’ हा समजच या नुकसानीचे मूळ आहे.

आमचे स्पष्ट मत आहे की गरीब कारागिराने सर्वप्रथम तारीख मिळवावी. बाकीचा खर्च नंतर पाहता येतो. आपल्या देशात जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क आधी मानला जातो. स्वतःच्याच नावे रजिस्टर पोस्टाने बंद लिफाफा पाठवून ठेवण्याची युक्ती अनेक जण सांगतात, पण तिने पेटंटचा हक्क मिळत नाही. शिवाय नुसत्या कल्पनेला पेटंट नाही. वस्तू कशी बनते व कशी चालते हे सांगता आले पाहिजे, आणि ती नवी असली पाहिजे. बाजारात उघड दाखविली की साधारणपणे तिचे नवेपण संपते.

यासाठी प्रोव्हिजनल अर्जाची सोय आहे. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास आजची सरकारी फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. तपासणीची फी ४,००० रुपये असून ती मागणी ३१ महिन्यांच्या आत करायची असते. एजंट नेमण्याची सक्ती नाही. मात्र पूर्ण तपशिलातील दावे लिहिताना जाणकाराची मदत घ्यावी, कारण पैसा खर्च करण्याची खरी जागा तीच आहे. प्रोव्हिजनल अर्जातही हात राखून लिहू नये. जे त्यात नाही, त्याला ती तारीख मिळत नाही.

या बारा महिन्यांत गिऱ्हाईक शोधावे. मागणी दिसली तर पुढे जावे, नाही तर थांबावे. तोटा थोडक्यात आटोपतो. पण माल लोकांना दाखवून झाल्यावर मुदत चुकविली, तर हक्क गेलाच म्हणून समजा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेटंट हा काही पहारेकरी नव्हे. जॉन के याने १७३३ साली उडत्या धोट्याचे पेटंट घेतले होते. मालकांनी संघ करून कोर्टाचा खर्च वाटून घेतला आणि त्याला पैसे देणे टाळले. खटले लढून तो कंगाल झाला व फ्रान्सला गेला. म्हणून प्रत्येक सुधारणेमागे धावू नये. रंगाचा नुस्खा गुप्तच ठेवावा. साडीच्या काठाच्या नव्या नक्षीसाठी डिझाइनची नोंदणी आहे. तिची फी एका व्यक्तीला १,००० रुपये असून मुदत १० वर्षे, आणि ती आणखी ५ वर्षे वाढते. नोंदणी केली नाही आणि ती नक्षी कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा छापली, की कॉपीराइटही उरत नाही. हे आमच्या किती व्यापारी बांधवांना ठाऊक आहे?

ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही, त्यांनी गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे जावे. ही संस्था तळागाळातील संशोधकांना पेटंटच्या कामी मदत करते. तेलंगणाच्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचे कष्ट पाहून पोचमपल्ली साडीसाठी आसू यंत्र बनविले. एका साडीसाठी हजारो वेळा हात फिरविण्याचे काम त्या यंत्राने हलके केले. त्यांना या संस्थेचे साहाय्य लाभले आणि २०१७ साली पद्मश्री मिळाली.

व्यापाऱ्यांचीही येथे जबाबदारी आहे. आमच्या यंत्रमाग संघटना विजेच्या दरासाठी एकत्र येतात, मोर्चे काढतात. त्यांनीच वर्गणी काढून एक पेटंट एजंट नेमावा आणि कारागिरांचे अर्ज भरून द्यावेत. कारागिराला दाम मिळाला तर तो पुढची सुधारणाही आपल्याच गावात करील. नाही मिळाला तर तो गप्प बसेल किंवा गाव सोडील, आणि मग नवे यंत्र आपल्याला बाहेरून दुप्पट भावाने आणावे लागेल.