प्रबोधिनीचे पहिले वर्ष आणि आपली मुले

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची आकांक्षा आता आपल्या घरांतील मुले बाळगू लागली आहेत. ही समाधानाची गोष्ट होय. तथापि परीक्षा उत्तीर्ण झाली की सर्व काही साधले, अशी जी समजूत सर्वत्र आढळते ती घातक आहे. प्रबोधिनीचे शिक्षण तीन वर्षांचे असून त्यातील पहिले वर्ष सर्वांत कठीण असते. त्या वर्षासाठी मुलाची तयारी करून घेणे हे शिकवणीवर्गाचे काम नव्हे, ते घराचे काम आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगतो. सैनिकी शाळांत अनुसूचित जातींच्या मुलांकरिता १५ टक्के जागा राखीव असतात. प्रबोधिनीच्या परीक्षेत व त्यापुढील निवडीत मात्र एकही जागा राखीव नाही. सवलत आहे ती केवळ परीक्षा-शुल्काच्या माफीची. लेखी परीक्षेला ९०० गुण आणि निवड मंडळापुढील पाच दिवसांच्या कसोटीलाही ९०० गुण असतात. म्हणजे आधाराची काठी सहाव्या इयत्तेच्या दारात मिळते आणि बारावीच्या दारात काढून घेतली जाते. जे पालक बारावीत जागे होतात ते सहा वर्षे उशिरा जागे होतात. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून चालू आहे. बाबासाहेबांनी ज्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय उभारले, त्याच नगरात राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना तयार करीत आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ साली नाशिकला निघाली. या वाटांची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली आहे?

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक भीती वाटते, की अर्जात 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल. ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. धर्म लपवू नये. मात्र दीक्षेनंतर नाव वा आडनाव बदलले असेल तर दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि अर्ज या तिन्हींत मेळ असावा. तो मेळ परीक्षेच्या आदल्या महिन्यात बसत नाही.

याहून मोठा प्रश्न कागदाचा नाही, तो मनाचा आहे. कित्येक माता विचारतात, आम्ही पंचशील घेतले, प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे वचन दिले, मग मुलाला बंदूक कशी धरू द्यावी? हा प्रश्न भाबडा नाही आणि त्याला हसणाऱ्यांचे मला नवल वाटते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने पाळावयाचे तत्त्व आहे असे प्रतिपादिले आहे. वैशालीच्या सिंह सेनापतीने हीच शंका खुद्द तथागतांपुढे मांडल्याचा प्रसंग त्यांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात दिला आहे. सेनापती सेनापती राहूनही उपासक झाला. मुलाने हे घरीच वाचलेले असावे. तेथे सोबत्याने टोमणा मारला, की बौद्ध आणि फौजेत कसा, तर त्याला उत्तर शोधावे लागू नये.

शिवाय शस्त्र आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी अर्ज केले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. त्या रेजिमेंटने देशाला कृष्णराव आणि सुंदरजी असे दोन सरसेनापती दिले. परंतु ते दोघेही आपल्या वस्त्यांतून आलेले नव्हते. शिपाई आणि हवालदार आपण पुष्कळ दिले. आता हुकूम देणाऱ्यांच्या रांगेत आपली मुले हवीत. म्हणून या पहिल्या वर्षाची चिंता.

त्या वर्षी काय होते? पहाट उजाडण्यापूर्वी उठणे, कवायत, व्यायाम, मग वर्ग, मग खेळ, रात्री अभ्यास. वेळ मिनिटांनी मोजली जाते. कवायतीची कसोटी पार पडेपर्यंत बाहेर जाण्याची मोकळीक मिळत नाही. वर्गातील शिक्षण इंग्रजीतून असते आणि मराठी शाळेतील मुलगा येथेच प्रथम खचतो. त्याला गणित येत असते, पण प्रश्न विचारण्याचे धाडस होत नाही. दोन वर्षे आधीपासून रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावे. उच्चारांना कोणी हसले तर हसू द्यावे.

पोहण्याविषयी थोडे अधिक लिहितो. न पोहता येणाऱ्या मुलालाही तेथे उंचावरून पाण्यात उडी टाकावी लागते. पाटलाच्या मुलाने गावच्या विहिरीत लहानपणीच सूर मारलेला असतो. आपल्या वाडवडिलांना ती विहीर शिवता येत नव्हती. घोटभर पाण्यासाठी १९२७ साली महाडास जावे लागले. ज्या घरात कोणी पोहत नाही त्या घरातील मुलाला पाण्याची भीती वाटते, यात त्याचा काय दोष? परंतु शिक्षक इतिहास विचारीत नाही. म्हणून दहावीच्या सुट्टीतच मुलाला, आणि मुलीलाही, पोहायला शिकवा. मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ते दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले आहे.

वरिष्ठ छात्रांकडून शिक्षा होतात. धावायला लावणे, दंड काढायला लावणे ही कष्टाची गोष्ट आहे. ती सर्वांना सारखी असेल तर मुकाट्याने सोसावी. पण जातीवरून अपमान झाला तर तो कष्ट नव्हे, अन्याय आहे, आणि त्याची तक्रार अधिकाऱ्याकडे करणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. हा भेद मुलाला आधी समजावून द्या. नाहीतर तो प्रत्येक शिक्षेत जात पाहील, किंवा खरा अपमानही शिस्त समजून गिळील. दोन्ही वाईट.

पालकांचेही कर्तव्य आहे. मुलगा रडवेला होऊन दूरध्वनी करील. त्या वेळी 'परत ये बाळा' हे शब्द तोंडून जाऊ देऊ नका. ते शब्द महागात पडतात. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश व औषधपाणी यांचा खर्च सरकार करते, परंतु पालकांकडून करारपत्र लिहून घेतले जाते. मुलगा स्वेच्छेने मधूनच निघाला तर शिक्षणाचा सर्व वा काही खर्च परत मागितला जाऊ शकतो. शिक्षणकाळात लग्न करता येत नाही, हेही आजीआजोबांस सांगून ठेवा. शिक्षणात इजा झाल्यास भरपाई मागणार नाही, असेही लिहून द्यावे लागते. दुखापतीमुळे बाहेर पडावे लागलेल्या छात्रांना माजी सैनिकांचा दर्जा मिळत नाही, आणि त्यांच्या दुर्दशेची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून घेतली. त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ देण्यात आला. तेव्हा सही करण्यापूर्वी करारपत्र पूर्ण वाचा, त्याची प्रत घरी ठेवा, आणि इंग्रजी कळत नसेल तर आपल्यातील एखाद्या वकिलाकडून एकदा मराठीत समजावून घ्या.