बोर्डावर सूट मराठीत, अटी इंग्रजीत, आणि काउंटरवर म्हणे 'सिस्टीम घेत नाही'

मंडळी, सेलचे दिवस आले की आपल्या गावात एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. "मॅडम, सिस्टीम घेत नाहीये." दारावर भला मोठा फ्लेक्स, आत प्रत्येक रॅकवर लाल कागद, आणि बिल करायची वेळ आली की सूट गायब. वर आपल्याच तोंडाकडे असं बघतात, जणू फुकट मागायला आलोय.

आज याच्यावर सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण खरेदीला जायच्या आधी वाचा.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात रांगेत उभा होतो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. पुढे एक ताई होत्या, दोन लेकरांचे कपडे घेऊन. बोर्ड होता : 2,000 च्या खरेदीवर 500 रुपये सूट. टॅगवरच्या किमतींची बेरीज 2,140. ताईंचा हिशोब सरळ होता, 1,640 द्यायचे. पण दोन कपड्यांवर आधीच थोडी सूट होती, ती 210 रुपये. ती वजा झाली आणि बेरीज आली 1,930 वर. पाचशेची सूट लागली नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, सत्तर रुपयांचं अजून काहीतरी घ्या, बसेल." ताईंनी शेजारच्या टोपलीतले 149 चे मोजे टाकले. झाले 2,079. तरी सूट नाही! कारण मोजे म्हणे त्या ऑफरमध्ये धरत नाहीत. मागून लोक ओरडायला लागले, "चला ना पुढे." ताईंनी मुकाट 2,079 भरले. ठरवून आल्या होत्या त्याच्यापेक्षा 439 रुपये जास्त. आणि बिलाच्या खाली छापलेलं : 'आज आपण वाचवले 210 रुपये'.

आता ही 'सिस्टीम' म्हणजे काय, ते समजून घेऊ. हे मशीन स्वतःच्या मनाने काही करत नाही. बारकोड वाचला की ते त्या वस्तूचा कोड शोधतं, आणि त्या कोडला कुठली ऑफर जोडली आहे ते बघतं. ही जोडणी माणूस करतो. साखळी दुकान असेल तर बहुतेक वेळा मुख्य कार्यालयातला माणूस. तो कोणत्या वस्तू, कोणत्या शाखा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किमान किती खरेदी, हे सगळं भरतो. म्हणजे सूट काउंटरवर अडते तेव्हा कारणं साधारण ठरलेली असतात :

1) वस्तू ऑफरच्या यादीतच नाही, पण कागद त्याच रॅकवर लावलाय.
2) ऑफर संपली, कागद काढला नाही. किंवा फ्लेक्स आज लागला आणि संगणकात ऑफर उद्यापासून आहे.
3) किमान खरेदी ही इतर सूट वजा केल्यावर मोजतात. ताईंचं हेच झालं.
4) दोन ऑफर एकत्र चालत नाहीत. एक लागली की दुसरी आपोआप बाद.
5) सूट फक्त ठरावीक बँकेच्या कार्डावर, तीही ठरावीक रकमेच्या वर आणि ठरावीक रकमेपर्यंतच. यूपीआयने पैसे दिले की गेली.
6) मोबाइल नंबर किंवा ॲप जोडल्याशिवाय लागत नाही.

आणि जिथे सूट लागते, तिथेही हिशोब बघा. '50 टक्के अधिक 20 टक्के' म्हणजे 70 नव्हे. हजाराचे आधी पाचशे, मग पाचशेवर वीस टक्के. द्यायचे चारशे, सूट साठ टक्के. 'दोनवर एक फुकट'मध्ये फुकट जाते ती सगळ्यात स्वस्त वस्तू. 900, 700 आणि 300 चे कपडे घेतले तर 1,900 वर सुटले 300. सोळा टक्केसुद्धा नाहीत. आणि ते 'पर्यंत'! '70 टक्क्यांपर्यंत'मधला 70 फुटावरून दिसतो, 'पर्यंत' वाचायला चष्मा लागतो.

दुकानवाले म्हणतात, चूक होते, माणूस आहे. मान्य. हजारो वस्तू, रोज बदलणाऱ्या किमती, चुका होणारच. पण माझा साधा प्रश्न आहे. चूक तुमची असेल तर तिचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का भरायचा? रॅकवरचा कागद तुम्ही लावला. ऑफर संगणकात तुम्ही भरली. दोन्ही जुळतात का हे बघायचं काम तुमचं. ते जुळलं नाही की ताईंच्या पिशवीतून 439 रुपये जास्त का जावेत? आणि काउंटरवरच्या त्या मुलीवर कुणी चिडू नका. दिवसभर उभं राहून, तुटपुंज्या पगारात, साहेबांच्या वाटणीच्या शिव्या ती खाते. सूट हाताने द्यायचा अधिकार बहुतेक ठिकाणी तिला नसतोच. मॅनेजरचा पासवर्ड लागतो.

कुणी कायद्याचा जाणकार म्हणेल, रॅकवरची किंमत हे फक्त आमंत्रण असतं, सौदा काउंटरवर होतो, पटत नसेल तर घेऊ नका. बरोबर आहे, पण अर्धंच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांचा स्वतंत्र विचार आहे. ज्या भावाने द्यायचंच नाही, तो भाव दाखवून माणसाला दुकानात ओढणं हे आमंत्रण नाही, आमिष आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात या आमिषाच्या जाहिरातींवर वेगळं कलमच आहे.

आणि त्याच सूचनांमधली ही गोष्ट लक्षात ठेवा. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याची अट हवी. अक्षरही दाव्याच्या अक्षरासारखंच हवं, आणि ठळक दिसेल अशा जागी हवं. अट टाकून खोटा दावा खरा करता येत नाही, हेही त्यात आहे. आता आपल्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. 'महाबचत', 'धमाका', 'अर्ध्या किमतीत' हे सगळं मराठीत, हाताएवढ्या अक्षरात. आणि अटी? फ्लेक्सच्या तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजीत. लुभावताना आमची भाषा आठवते, आणि हात वर करताना इंग्रजी! मराठी पाट्यांसाठी आंदोलनं करणाऱ्या सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे, दुकानाच्या नावाची पाटी बघून झाली असेल तर खालची ती बारीक ओळही बघा. गरिबाचा पैसा तिथे जातो.

आणखी एक. एमआरपी म्हणजे सर्व करांसह किंमत. एमआरपीवर अमुक टक्के सूट असं लिहून वर वेगळा कर लावणं ही अनुचित प्रथा आहे, हे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2017 मध्येच सांगितलंय. तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी आहे. एवढाच फरक.

मग करायचं काय?

रॅकवरच्या कागदाचा आणि टॅगचा फोटो आधीच काढा. पैसे द्यायच्या आधी स्क्रीनवर बिल ओळीओळीने वाचायला मागा, रांग थांबली तरी थांबू द्या. सूट लागली नाही तर 'का नाही' एवढंच विचारा. यादीत नाही, तारीख संपली, की किमान रक्कम? 'सिस्टीम' हे उत्तर नाही. मॅनेजरला बोलवा. सूट बसवण्यासाठी आणखी वस्तू टाकू नका, तोच तर सापळा आहे. पटलं नाही तर वस्तू काउंटरवर ठेवून बाहेर पडा, त्यात लाज कसली? घेतलीच तर बिल सोडू नका. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे.

पुढे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वकील न लावता तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. मुदत दोन वर्षं. आणि फसवी जाहिरात अनेकांना फसवत असेल, तर या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. हे फार थोड्यांना माहीत आहे. साहेबांच्या टेबलावर एकदा फ्लेक्सच्या आणि बिलांच्या फोटोंसह पन्नास अर्ज पडू द्या.

ज्या महाराष्ट्रात 1974 साली पुण्यातून बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथे आपण चारशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार म्हणून गप्प बसतो. दुकानाचा सगळा हिशोब आपल्या या गप्प बसण्यावरच उभा आहे. एका माणसाचे चारशे म्हणजे किरकोळ. सेलच्या चार दिवसांत त्या दारातून किती माणसं जातात, ते मोजा.

तुम्ही विचाराल, पेपरवाले हे का छापत नाहीत? सरळ सांगतो. पहिल्या पानावरची सेलची जाहिरात हाच सणासुदीला आमचा पगार असतो. म्हणून हे इथे लिहितोय. उद्या एखाद्याने जाहिरात थांबवली तर थांबवू दे.

दुकानदार मंडळींकडे मागणी तीनच गोष्टींची आहे. एक, अटी मराठीत आणि मोठ्या अक्षरात. दोन, रोज शटर उघडताना रॅकवरचा कागद आणि संगणकातला भाव जुळवून बघा. तीन, जिथे जुळत नाही तिथे गिऱ्हाइकाला कागदावरचाच भाव द्या, आणि तो द्यायचा अधिकार काउंटरवरच्या पोरीला द्या. आपल्या गावात आजही असे किराणा दुकानदार आहेत, जे वहीत बेरीज चुकली तर घरी पोरगा पाठवून दहा रुपये परत करतात. त्यांच्याकडे सिस्टीम नाही. त्यांचं दुकान मात्र तिसऱ्या पिढीत चालू आहे.