समुद्राची वाट नदीतून जाते

अरण्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने समुद्रावरील खेळाची चर्चा करावी, हे अनेकांस विनोदी वाटेल. गोंडपिपरीच्या विद्यार्थ्याने स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत मान घालून बसावे, फार तर शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेस किंवा सुटीत ताडोब्याला जाऊन यावे, एवढीच आपली त्याच्याविषयीची कल्पना असते. परंतु आता त्याच्या हाती मोबाइल आहे आणि त्याच्या पडद्यावर, फळीवर उभी राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे झेपावणारी त्याच्याच वयाची मुले तो रोज पाहतो. चार मित्रांनी मिळून मोटारसायकली काढाव्यात, थोडक्या पैशांत समुद्र गाठावा आणि सर्फिंग नावाचा हा खेळ एकदा करून पाहावा, असा बेत त्याच्या मनात आला तर त्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. बेत वेडा नाही. मात्र असा बेत आखताना काटकसर कोठे करावयाची आणि कोठे मुळीच करावयाची नाही, हा विवेक त्याला कोणी शिकविलेला नसतो. तो शिकविण्याची जबाबदारी त्याची एकट्याची आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. समुद्र म्हटला की आपल्याला मुंबई किंवा कोकण आठवते. कारण पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे शिकविलेला महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा अरबी समुद्राचा आहे. पण नकाशा उघडून पाहावा. गोंडपिपरीहून मुंबई सरळ रेषेतही सातशे किलोमीटरहून दूर पडते. बंगालचा उपसागर मात्र काकिनाड्याजवळ सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. आपल्या नद्यांना हे केव्हाच ठाऊक आहे. वर्धा आणि वैनगंगा यांचा चपराळ्याजवळ संगम होतो, तेथून पुढे प्राणहिता म्हणून त्या वाहतात आणि सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळून पूर्वसमुद्राला जातात. आपल्या बांधावरून वाहून गेलेले पाणी ज्या समुद्रात विसावते, तो समुद्र आपल्याला परका कसा?

दुसरा प्रश्न खर्चाचा. मोटारसायकलचा मोह तरुणांना सुटत नाही. परंतु नऊशे-हजार किलोमीटर दुचाकी हाकून थकलेल्या शरीराने अनोळखी पाण्यात उतरणे हे शौर्य नव्हे, अविचार आहे. आणि पेट्रोलचा हिशेब मांडला तर ती काटकसरही नव्हे. आपल्या अगदी जवळून देशातील एक प्रमुख लोहमार्ग जातो. काझीपेठ-बल्लारशाह हा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग खुला झाला. गोंडपिपरीहून एस.टी.ने बल्लारपूर गाठावे, तेथून ग्रँड ट्रंक किंवा तामिळनाडू एक्सप्रेस धरावी, की सुमारे नऊशे किलोमीटरवरील चेन्नई येते. शयनयान वर्गाचे एका बाजूचे भाडे आज पाचशे रुपयांच्या घरात आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण केवळ साठ दिवस आधी खुले होते, एवढे ध्यानात ठेवावे. प्रवासाचा रस्त्यावरचा आनंद हवाच असेल, तर तो चेन्नईपासून पुढे घ्यावा. किनाऱ्याला लागून जाणाऱ्या पूर्व किनारा मार्गावर कोवलम, मामल्लपुरम आणि पुढे पुदुच्चेरी अशी गावे बसने एकामागून एक गाठता येतात.

यांतील कोवलम म्हणजे केरळातील प्रसिद्ध स्थळ नव्हे. चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील हे कोळ्यांचे गाव आहे. तेथील मूर्ती मेगवन या मच्छीमाराने स्वतःच्या हिमतीवर हा खेळ आत्मसात केला, गावातील मुलांना तो शिकविला आणि व्यसनापासून दूर राहून शाळेत जाण्याची अट त्यास जोडली. आज देशभरातून नवशिके तेथे येतात. पश्चिम किनाऱ्यावर, कर्नाटकातील मुल्की येथेही असेच एक केंद्र दोन दशकांपासून आहे आणि गोव्यातही शिकवणी मिळते. हा खेळ आता केवळ परदेशी पाहुण्यांचा राहिलेला नाही. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मामल्लपुरम येथे भरलेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुदिहाळ या भारतीय खेळाडूने कांस्यपदक मिळविले.

काटकसर कोठे, कोठे नाही

निवासात, जेवणात, प्रवासात हवी तेवढी बचत करावी. फळी विकत घेण्याचा विचारही करू नये. नवशिक्याला आठ-नऊ फुटांची, मऊ फेसाळ पृष्ठभागाची फळी लागते आणि ती ना रेल्वेच्या डब्यात मावते, ना एस.टी.च्या टपावर शोभते. शिकवणीच्या शुल्कातच ती वापरावयास मिळते. हे शुल्क एका वेळेस साधारणतः हजार-दीड हजार रुपयांपासून पुढे असते आणि येथेच तरुणांची खरी कसोटी लागते. पाचशे रुपयांत फळी भाड्याने मिळते, मग शिक्षक कशाला, असा हिशेब कोणीतरी मांडतोच. हा हिशेब जिवावर बेतणारा आहे. किनाऱ्याकडून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजावयाचे नसते, तर किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर पडावयाचे असते; पडताना डोके खाली घालावयाचे नसते; फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधी येऊ द्यावयाची नसते. या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. कंबरभर पाण्यात, वाळूच्या तळावर, जाणत्या माणसाच्या नजरेखाली त्या अंगी बाणवाव्या लागतात.

ऋतूचेही असेच. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्याने पाण्यात उतरू नये. उलट ऑक्टोबर ते डिसेंबर हा पूर्व किनाऱ्यावरील परतीच्या पावसाचा आणि वादळांचा काळ. म्हणजे दिवाळीची सुटी असेल तर गोवा किंवा मुल्की बरे आणि परीक्षेनंतरचा मार्च-एप्रिल असेल तर चेन्नईकडील किनारा बरा. हवामान खात्याचा इशारा असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, पण पाण्यात पाऊल घालू नये. या रीतीने तीन-चार दिवसांची सहल माणशी सात-आठ हजार रुपयांत बसू शकते. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण त्याच घरात मुलाला याच्या दुप्पट किमतीचा मोबाइल घेऊन दिलेला असतो, हेही खरे आहे.

पोहणे कोण शिकविणार?

एवढे सर्व जुळले तरी एक अट उरते आणि तीच सर्वांत कठीण आहे. या मुलांपैकी किती जणांना पोहता येते? दोन मोठ्या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या तालुक्यात, तलावांसाठी ख्यात असलेल्या या जिल्ह्यात, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला पाण्यात तरंगताही येत नाही, हे चित्र नित्याचे आहे. उन्हाळा आला की नदीत आंघोळीस गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येऊ लागतात. वाळूच्या उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. काल गुडघाभर पाणी असलेल्या जागी आज पुरुषभर डोह असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून मुक्रर केला. आपल्या शाळांत दिवस पुष्कळ साजरे होतात. हा मात्र कोठे पाळला गेल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. रस्ते धड नाहीत, शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, रोजगार नाही; अशा वेळी लाटांवर स्वार होण्याच्या गोष्टी कशास? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. मनीषा धुर्वे हिच्यासह पाच जण शिखरावर पोचले. ज्या मुलांच्या गावात कधी हिम पडले नाही, ती जगातील सर्वोच्च शिखर चढून आली. ही मुले अंगच्या काटकपणाने चढलीच. पण शासनाने त्यांची निवड केली, त्यांना पद्धतशीर शिक्षण दिले आणि पाठीशी उभे राहिले, म्हणूनही चढली. साहस ही श्रीमंतांची मिरासदारी नाही, हे त्यांनी सिद्ध केले; आणि शिक्षणावाचूनचे साहस म्हणजे नुसता धोका, हेही त्याच उदाहरणाने दाखविले. पाच मुलांचा पराक्रम अभिमानास्पद आहे. पण पाच हजार मुलांना पोहता येणे हे त्याहून उपयुक्त ठरेल.

त्यासाठी कोट्यवधींचा जलतरण तलाव हवा, असे मानण्याचे कारण नाही. वैनगंगेच्या आणि वर्धेच्या काठचे ढिवर आणि भोई बांधव पिढ्यान् पिढ्या पाण्यात वावरत आले आहेत. नदीचा स्वभाव त्यांच्याइतका कोणत्याही पदविकाधारकास कळणार नाही. कोवलमच्या किनाऱ्यावर एका मच्छीमाराने जे केले, ते येथे तलावाच्या काठावर का होऊ नये? माजी मालगुजारी तलावांपैकी सुरक्षित तलाव निवडावा, उथळ भाग दोरीने आखून घ्यावा, तरंगती साधने ठेवावीत आणि या जाणत्या माणसांना बचावकार्याचे थोडे शास्त्रीय शिक्षण देऊन रीतसर मानधनावर नेमावे. जिल्हा परिषद, क्रीडा विभाग आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना यांनी मनावर घेतले, तर एका उन्हाळ्यात प्रारंभ होऊ शकेल. यात मुलींचा विचार आवर्जून व्हावा. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळू लागले आणि गावाबाहेरची वाट त्यांच्यासाठी थोडी रुंद झाली. पण पाण्याची वाट त्यांना अजूनही बंदच आहे.

तरुणांना सांगावयाचे ते इतकेच, की समुद्राचा बेत जरूर आखा. पण त्याचा पहिला मुक्काम बल्लारपूरचे स्थानक नसून गावचा तलाव आहे, हे विसरू नका. निदान काही अंतर न थांबता पोहता येईपर्यंत तिकीट काढू नका. आणि शिक्षक-पालकांना विनंती अशी, की मुलाने समुद्राचे नाव काढताच ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून विषय मिटवू नये. नकाराने मुले थांबत नाहीत, ती फक्त सांगणे थांबवितात. आणि न सांगता पाण्यात उतरलेल्या मुलांच्याच बातम्या आपण उन्हाळ्यात वाचत असतो. त्याला प्रथम पोहता येते काय, हे विचारावे. आणि उत्तर नकारार्थी आले, तर त्या उत्तराचे उत्तरदायित्व आपलेही आहे, हे मान्य करून पुढल्या उन्हाळ्याच्या तयारीला लागावे.