कणसं सोलणाऱ्यांचा संघ पुन्हा अमेरिकेचा विजेता होईल का?

अमेरिकेत मका म्हटलं की आयोवा, इलिनॉय आणि नेब्रास्का ही तीन राज्यं पुढं येतात. त्यातल्या नेब्रास्काच्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ ‘कॉर्नहस्कर्स’ नावाने ओळखला जातो. साध्या मराठीत सांगायचं तर कणसं सोलणारे. या संघाने कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं: १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. त्यानंतर एकदाही नाही. शेवटच्या विजयाच्या वेळी जन्मलेली पोरं आता संसाराला लागली, पण दर हंगामाच्या तोंडावर तिथल्या गावागावांत एकच चर्चा सुरू होते, यंदा तरी जमेल का?

हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. अंगावर येणाऱ्याला रेटायचं, आडवं करायचं. कबड्डीची पकड आणि कुस्तीची ताकद एकत्र केली तर साधारण अंदाज येईल.

नेब्रास्का क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश, पण लोकसंख्या फक्त वीस लाखांच्या आसपास. सरासरी शेत हजार एकरांच्या घरातलं. (आपल्याकडे पाच एकर पाण्याखाली असला तरी माणूस बागायतदार म्हणून मिरवतो, ते वेगळं.) मका, सोयाबीन, जनावरं आणि जमिनीखालच्या पाण्यावर गोल फिरणारे सिंचनाचे लांबलचक पाइप. या राज्यात क्रिकेटच्या आयपीएलसारखा मोठा व्यावसायिक संघ कुठल्याही खेळाचा नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ. लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम १९२३ साली सुरू झालं. त्यात ८५ हजारांवर माणसं बसतात. सामन्याच्या दिवशी हे मैदानच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं ‘शहर’ होतं, कारण ओमाहा आणि लिंकन सोडलं तर तेवढ्या वस्तीचं गावच राज्यात नाही. नोव्हेंबर १९६२ पासून इथला प्रत्येक सामना ‘हाऊसफुल्ल’ नोंदवला गेला आहे. समोरचा संघ जिंकून गेला तरी हे प्रेक्षक त्याला टाळ्या वाजवून निरोप देतात.

मग एवढ्या विरळ वस्तीच्या, कडाक्याच्या थंडीच्या राज्याने टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना हरवलं कसं? आज काय शक्य आहे ते समजायचं तर आधी हे समजून घ्यावं लागतं.

पहिलं कारण व्यायामशाळा. १९६९ साली नेब्रास्काने बॉइड एपली नावाच्या जखमी होऊन खेळ थांबलेल्या तरुणाला खेळाडूंकडून वजनं उचलून घेण्यासाठी पगारावर नेमलं. त्या काळी वजन उचललं की खेळाडू जड होतो, त्याचा वेग कमी होतो, असाच अमेरिकेतल्या बहुतेक कोचांचा समज होता. नेब्रास्काची पोरं मात्र लोखंड उचलत राहिली आणि पुढच्याच दोन हंगामांत देशात पहिली आली. नंतर सगळ्यांनीच हे उचललं. आज अशी व्यायामशाळा नाही असं मोठं कॉलेज शोधून सापडणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते म्हणजे ‘वॉक-ऑन’, स्कॉलरशिप नसताना स्वतःच्या खर्चाने येऊन संघात सराव करणारी मुलं. घरून शिधा नेऊन तालमीत राहणाऱ्या पोरासारखंच हे. नेब्रास्काच्या शंभर-दोनशे उंबऱ्यांच्या गावांतून अशी मुलं दरवर्षी यायची. पहिली दोन-तीन वर्षं त्यांना मैदानात उतरायला मिळायचं नाही. फक्त सराव करायचा, खायचं, अंग कमवायचं, मुख्य खेळाडूंचे धक्के सोसायचे. चौथ्या-पाचव्या वर्षी त्यातलीच काही थेट मुख्य संघात खेळायची. बाहेरचे हिरे नव्हतेच असं नाही. १९९४ आणि १९९५ च्या विजेत्या संघाचा सूत्रधार टॉमी फ्रेझर फ्लोरिडाचा होता. पण त्याच्यापुढे जी भिंत उभी असायची, त्या भिंतीत गावाकडचा दगड पुष्कळ होता.

तिसरं कारण टॉम ऑस्बोर्न. हेस्टिंग्ज या नेब्रास्कातल्याच गावचा हा माणूस १९७३ ते १९९७ अशी सलग २५ वर्षं मुख्य कोच राहिला. २५५ सामने जिंकले, ४९ हरले, ३ बरोबरीत. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. तरी पहिल्या विजेतेपदासाठी त्यांना २१ वर्षं थांबावं लागलं, हे आज कोणी लक्षात घेत नाही. जानेवारी १९८४ मध्ये मायामीविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ३१-३० अशी स्थिती होती. एका गुणाची साधी किक मारून बरोबरी केली असती तर त्या वर्षी एकही सामना न हरलेल्या नेब्रास्काला मतदानात विजेतेपद जवळपास नक्की होतं. तेव्हा अंतिम सामना नसायचा, पत्रकार आणि कोच मतं देऊन विजेता ठरवायचे. ऑस्बोर्न यांनी बरोबरी नाकारली, जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव खेळला आणि तो फसला. राज्याने त्यांना काढून टाकलं नाही. पुढे १९९३ ते १९९७ या पाच वर्षांत त्यांच्या संघाने ६० सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. निवृत्तीनंतर राज्याच्या ग्रामीण भागाने त्यांना तीनदा खासदार म्हणून वॉशिंग्टनला पाठवलं.

घसरण कशी झाली

ऑस्बोर्ननंतर सहा कोच झाले. त्यांचेच सहायक राहिलेल्या फ्रँक सोलिच यांना २००३ साली नऊ विजय मिळवूनही घरी पाठवलं. नऊ विजय कमी वाटले! त्यानंतरच्या कारभाऱ्यांना नऊ विजयांचं वर्ष आलं तर देव पावला म्हणायची वेळ आली. बो पेलिनी यांनी सात वर्षं दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले, त्यांनाही काढलं. २०१८ साली १९९७ च्या विजेत्या संघाचा सूत्रधार, वुड रिव्हर या छोट्या गावचा स्कॉट फ्रॉस्ट कोच म्हणून परत आला, तेव्हा राज्यभर दिवाळी होती. त्याने १६ सामने जिंकले आणि ३१ गमावले. २०२१ च्या हंगामात तर संघ नऊ सामने हरला आणि त्यातला एकही नऊपेक्षा जास्त गुणांच्या फरकाने नव्हता. मळणी होऊन पोती भरायच्या वेळी पाऊस यावा, तसं आठवड्यामागून आठवडा.

मधल्या काळात २०११ साली नेब्रास्काने जुना गट सोडून ‘बिग टेन’ या श्रीमंत गटात प्रवेश केला. टीव्हीचा पैसा आला, पण टेक्सासमध्ये दरवर्षी खेळायला जाणं बंद झालं आणि तिथल्या मुलांशी असलेला संपर्क तुटला. हा सौदा पैशाच्या हिशेबाने बरोबर होता, खेळाच्या हिशेबाने नव्हता. गटाचं विजेतेपदसुद्धा नेब्रास्काने शेवटचं जिंकलं ते १९९९ साली, जुन्या गटात.

सध्याचे कोच मॅट रूल २०२३ साली आले. टेंपल आणि बेलर ही दोन मोडकळीला आलेली पथकं त्यांनी उभी केली होती. नेब्रास्कात त्यांचा हिशेब असा: पहिल्या वर्षी ५ विजय ७ पराभव, दुसऱ्या वर्षी ७-६ आणि २०२५ ला पुन्हा ७-६. २०२५ ची सुरुवात पाच विजय आणि एक पराभव अशी झकास झाली होती. विद्यापीठाने त्याच ऑक्टोबरमध्ये रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवून टाकला. मग नोव्हेंबरच्या पहिल्याच सामन्यात सूत्रधार डिलन रायोला याचा पाय मोडला आणि हंगामाचे शेवटचे तिन्ही सामने संघ हरला.

आता खेळ पैशाचा

जुलै २०२१ पासून अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. त्याच सुमारास एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना एक वर्ष बाहेर बसण्याची अटही गेली. जुलै २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या घरात. दर डिसेंबर-जानेवारीत आयपीएलच्या लिलावासारखी धावपळ असते, फरक एवढाच की इथे हातोडा नसतो आणि बोली कुणाला ऐकू येत नाही.

याची झळ नेब्रास्काला बसलीच. रायोलाचे वडील याच संघाचे गाजलेले खेळाडू. मुलगा २०२४ ला आला तेव्हा घरचा वारस आला अशी भावना होती. दोन हंगाम खेळून तो ओरेगॉनला निघून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चार पैसे जास्त मिळाले तर माल दुसऱ्या बाजारात नेणाऱ्याला कोण नावं ठेवतं?

पण या नव्या नियमांतली एक ओळ नेब्रास्काला सगळ्यात जास्त लागली. स्कॉलरशिपची संख्या मोकळी झाली, त्या बदल्यात संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवायचे अशी मर्यादा आली. आधीपासून असलेल्यांना थोडी सवलत मिळाली, पण यापुढे जागा मोजून. नेब्रास्काची पद्धतच मुळी जास्त पोरं ठेवायची आणि त्यातली पाचव्या वर्षी तयार होणारी शोधायची. आता कच्च्या पोराला चार वर्षं पोसायला ना जागा आहे ना सवड. तयार खेळाडू विकत मिळत असताना रोप लावून वाट कोण बघणार?

शिवाय रोपवाटिकाच आटत चालली आहे. नेब्रास्काच्या पश्चिमेकडची गावं वर्षानुवर्षं रिकामी होत आहेत. शेतं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, माणसं कमी झाली. संघाला अकरा खेळाडू लागतात, पण कित्येक गावांच्या शाळांत तेवढी मुलं भरत नाहीत म्हणून तिथे आठ-आठ आणि सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळवला जातो, त्याच्या रीतसर राज्य स्पर्धा होतात. लिंकनच्या हाऊसफुल्ल मैदानातला आकडा ऐकताना हा दुसरा आकडाही ध्यानात ठेवायला हवा.

मग संधी किती?

साफ संपली असं म्हणता येत नाही, आणि त्याला कारण इंडियाना. हेही मक्या-सोयाबीनचंच राज्य. तिथल्या विद्यापीठाचा संघ अमेरिकेच्या मोठ्या कॉलेजांत सर्वाधिक सामने हरलेल्यांपैकी एक होता. २०२३ संपताना कर्ट सिग्नेटी तिथे कोच झाले. इतर कॉलेजांतून वयाने थोडे मोठे, अनुभवी खेळाडू निवडून आणले आणि दोन वर्षांत, जानेवारी २०२६ मध्ये, एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. २०२४ पासून बाद फेरीत चारऐवजी बारा संघ जातात, त्यामुळे दारही रुंद झालं आहे. नेब्रास्काकडे इंडियानापेक्षा मोठं मैदान, जुनी पुण्याई, देणगीदार आणि गटाचा टीव्हीचा पैसा, सगळं आहे. पैसा कमी म्हणून नेब्रास्का मागे आहे असं म्हणणं हे निमित्त झालं.

अडचण निवडीची आणि दमाची आहे. याचा सगळ्यात कडू पुरावा शेजारीच आहे. दर नोव्हेंबरअखेर नेब्रास्काची गाठ आयोवाशी पडते. तेच पीक, तशीच गावं, तशीच थंडी, लोकसंख्या थोडी जास्त. आयोवात कर्क फेरेंट्झ १९९९ पासून कोच आहेत. नेब्रास्काने त्या काळात पाच कोच बदलले. गेल्या अकरा लढतींत दहा वेळा आयोवा जिंकलं. २०२३ आणि २०२४ ला दोन्ही वेळा १३-१० असा शेवटच्या किकवर, तर २०२५ ला ४०-१६ असा धुव्वा उडवून. आयोवानेही या काळात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं नाही, म्हणजे नुसता धीर धरूनही भागत नाही. पण जो संघ बांधावरच्या शेजाऱ्याला हरवू शकत नाही, त्याने ओहायो स्टेट, ओरेगॉन आणि इंडियाना ज्या गटात आहेत तिथून वर यायची भाषा करणं घाईचं आहे.

एक-दोन हंगामांत विजेतेपद येण्याची शक्यता म्हणूनच अगदी थोडी दिसते. बारा संघांत जागा मिळवणं हे खरं पहिलं काम, आणि त्यासाठी नऊ-दहा सामने जिंकावे लागतील. म्हणजे ज्या नऊ विजयांसाठी २००३ साली कोचला घरी पाठवलं, तेच नऊ. रूल यांचा करार लांबलचक आहे, तो पूर्ण होऊ दिला तर काही घडू शकतं. आणि विजेतेपद आलंच, तर त्या संघात मक्याच्या शेतातून आलेली, स्वतःच्या पैशाने राहून पाचव्या वर्षी मैदानात उतरलेली पोरं किती असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

लिंकनला यावर फारसं कोणी बोलत नाही. २०२१ साली काही तिकिटं उरत होती, तर देणगीदारांनी ती विकत घेऊन गरीब घरच्या मुलांना वाटली, पण हाऊसफुल्लची परंपरा मोडू दिली नाही. याच मैदानात ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना ठेवला, तर ९२,००३ माणसं आली. त्या मुलींच्या संघाकडेही राष्ट्रीय विजेतेपदं पाचच आहेत. त्यातलं शेवटचं मात्र २०१७ चं.