ठसका न लागणं ही चांगली बातमी नाही

आपल्याकडे जेवताना कुणाला ठसका लागला की लगेच म्हणतात, "कुणीतरी आठवण काढतंय!" पाठीवर एक थाप, पाण्याचा पेला, विषय संपला. माझ्या आबांना मात्र गेली दोन वर्षं ठसका लागतच नव्हता. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, हात थरथरतो, चाल मंदावली, पण जेवण तरी निर्विघ्न होतंय, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. ते निर्विघ्न नव्हतं. आम्हाला ते इतक्या उशिरा कळलं, म्हणून हा लेख.

आबा चलथाणला राहतात. सुरतच्या लगत, पलसाणा तालुक्यात, उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचं हे गाव. याच रुळांवरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसं सुरतेच्या कापडधंद्यात कामाला आली आणि तिकडचीच झाली. आबाही त्यातलेच. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, आणि मी सुट्टीत गेले की माझ्याशी 'पुस्तकातली' मराठी. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. आम्ही म्हटलं, थंडी बाधली. दीड महिन्यात पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "हे पाणी कसं पितात?" सहा वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी कुणाला विचारला नव्हता.

घास गिळणं ही आपल्याला क्रियाच वाटत नाही, इतकी ती सहज होते. पण त्या एका सेकंदात बरंच काही घडतं. टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सगळं वेळेवर व्हायचं तर घास आला आहे हे आधी घशाला कळायला हवं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि स्नायू संथ व ताठर होतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याबरोबर अनेकांच्या घशाची जाणीवही बोथट होते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मग अन्नाचे कण, पाण्याचे थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि ठसका लागत नाही. खोकून बाहेर टाकायला हवं, हा निरोपच वर पोचत नाही. हे वारंवार झालं की फुप्फुसात संसर्ग होतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत असा न्यूमोनिया येतो.

हा आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली आपल्या निबंधात सहा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते. त्या छोट्या निबंधातसुद्धा गिळण्याचा त्रास आणि तोंडातून गळणारी लाळ यांची नोंद आहे. म्हणजे ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. तरी आपल्या मनातलं पार्किन्सन्सचं चित्र आजही थरथरत्या हातापाशीच थांबतं. सिनेमात, नाटकात, कथेत पार्किन्सन्सचा माणूस दाखवायचा तर कपबशी खडखडवली की झालं.

2012 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांना "गिळायला त्रास होतो का?" असं विचारलं तर साधारण 35 टक्के 'हो' म्हणतात. तपासणी केली तर साधारण 82 टक्क्यांमध्ये दोष सापडतो. मधली माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच कळत नाही. दवाखान्यातून आल्यावर आबा मला म्हणाले, "बेटा, मना घसाले काहीच व्हयेल नही, हातले व्हयेल शे." त्यांच्या बाजूने ते शंभर टक्के खरं बोलत होते.

आपण वाङ्मय मंडळाची माणसं, म्हणून भाषेबद्दल थोडं. मराठीत या जागेसाठी केवढे शब्द आहेत! घसा, गळा, कंठ, नरडं. खवखव, ठसका, उचकी, आवंढा, घोट. घशाला कोरड पडते, घास घशात अडकतो, कंठ दाटून येतो. हे सगळे शब्द काहीतरी जाणवण्याचे आहेत. काहीच न जाणवण्याला कुठला शब्द वापरणार? 'बधिर' आहे, पण हात बधिर झाला हे आपण बोट लावून पाहतो. घशाला बोट कसं लावणार? ज्याला शब्द नाही त्याची तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणून उपचार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की रुग्णाच्या तक्रारीची वाट पाहायची नाही. शेजारी बसणाऱ्याने पाहायचं.

काय पाहायचं? जेवणाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो का? पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? घास गालात तसाच राहतो का? वजन उतरतंय का? उशी लाळेने भिजते का? ही लाळ जास्त तयार होत नसते, ती गिळली जात नाही म्हणून साठते. गोळी जिभेवर किंवा घशात चिकटून राहते का? आणि विनाकारण पुन्हापुन्हा ताप, छातीत कफ? यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना आपणहून सांगावं आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवा म्हणावं. स्पीच थेरपिस्ट फक्त बोबडं बोलणाऱ्या मुलांसाठी असतात असं मलाही वाटायचं. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम हेही त्यांचं काम आहे.

आमच्या घरातल्या दोन 'चांगल्या' सवयी आम्हाला बदलाव्या लागल्या. पहिली वरून पाणी पिण्याची. तांब्याला ओठ न लावता, मान मागे टाकून घटाघट पाणी पिणं ही आमच्याकडे स्वच्छता मानली जाते. पण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिक उघडी पडते. आता आबा ताठ बसून, मान सरळ ठेवून, पेल्यातून छोटे घोट घेतात. दुसरी समजूत, आजारी माणसाला पातळ द्यावं. अशा घशासाठी साधं पाणी हाच बऱ्याचदा सगळ्यात अवघड पदार्थ असतो, कारण ते इतकं पटकन घसरतं की मंद घसा सावरेपर्यंत आत पोचलेलं असतं. पण म्हणून सरसकट सगळं घट्ट करून द्यायचं असंही नाही. ते न आवडून माणूस पाणी प्यायचंच सोडतो. कुणाला काय चालेल ते तपासून ठरवावं लागतं. शिवाय गोळीचा असर असतो त्या वेळात जेवण ठेवलं तर गिळणं सोपं जातं. टीव्ही बंद, आणि तोंडात घास असताना प्रश्न विचारायचे नाहीत, हा नियम आम्ही सगळ्यांनीच लावून घेतला.

यावर कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक घासावर पहारा ठेवायचा, त्याचा मान काय राहिला? प्रश्न बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात आबा चिडून ताटावरून उठले होते. म्हणून आम्ही समोर उभं राहून बघणं बंद केलं आणि सोबत जेवायला बसायला लागलो. आधी त्यांना वेगळं, लवकर वाढून आपण मोकळं व्हायचो, 'त्यांना वेळ लागतो' म्हणून. आता त्यांच्या वेगाने आम्ही जेवतो. लक्षही राहतं आणि मानही.

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि कुटुंबीयांना एकत्र आणून मराठीतून हे काम करतं. पण चलथाणसारख्या ठिकाणी, जिथे दवाखान्यातली चिठ्ठी गुजराती-इंग्रजीत आणि घर अहिराणीत चालतं, तिथे ही माहिती कोण पोचवणार? आपल्या कॉलेजात समाजसेवेचे तास भरायला आपण पोस्टर रंगवतो. त्यापेक्षा एक पानभर मजकूर सोप्या मराठीत, जमल्यास अहिराणीत, मालवणीत, आगरीत लिहून आपापल्या गावी नेला तर? 11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन. मंडळाने ते पान तोवर करावं, अशी माझी सूचना आहे. अहिराणीचं पान मी लिहीन, आबा तपासून देतील.

परवा फोनवर आई म्हणाली, आबांना ताक पिताना ठसका लागला. घाबरू की आनंद मानू, मला कळेना. तिला एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी थेरपिस्टना नक्की सांग, आणि आज ताक बाजूला ठेव.