स्वप्नभूमीचे तिकीट

न्यूझीलंडमधील मातामाता या गावाजवळ मेंढ्यांचे एक कुरण आहे. टेकडीच्या पोटातली ठेंगणी घरे आणि त्यांची गोल रंगीत दारे पाहण्यासाठी तेथे जगभरातून माणसे येतात. जे. आर. आर. टोल्किन यांच्या अद्भुतकथांतील 'शायर' हा प्रदेश चित्रपटांसाठी येथे उभारण्यात आला. स्वतः टोल्किन त्या देशात कधीही गेले नव्हते.

अशा यात्रेकरूंना पलायनवादी म्हणून हिणवणे पुरोगामी मंडळींना फार सोपे वाटते. परंतु ही हेटाळणी उथळ आहे. शायरमध्ये राजवाडे नाहीत, चमत्कारही नाहीत. आहे ती बाग, भरपेट न्याहारी, शेजारपाजार आणि घड्याळाला न जुंपलेला दिवस. तेथेही धनी आणि माळी आहेत, हे खरे. तरीही भाड्याची खोली आणि कचेरी यांच्यात आयुष्य घालवणारा वाचक स्वतःकडून हिरावले गेलेले काहीतरी तेथे शोधतो. त्याची भूक खरी आहे. आरोप ठेवायचा तो या भुकेवर तिकीट लावणाऱ्या व्यवस्थेवर.

त्या व्यवस्थेचा हिशेब तपासण्याजोगा आहे. २०१० साली 'द हॉबिट'च्या चित्रीकरणापूर्वी नटांच्या संघटनांनी सामुदायिक वाटाघाटींची मागणी केली आणि ती मान्य होईपर्यंत काम न स्वीकारण्याचे आवाहन केले. चित्रीकरण परदेशी जाणार, अशी हूल उठली. २५ ऑक्टोबरला, म्हणजे तेथील कामगारदिनीच, चित्रपट देशात राहावा म्हणून मोर्चे निघाले! त्याच आठवड्यात संसदेने घाईघाईने कायदा बदलला. लेखी करारात 'नोकर' असा उल्लेख नसेल, तर चित्रपट-कामगार हा कंत्राटदारच ठरणार होता. शिवाय वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीच्या पदरात वाढीव करसवलत पडली. सामुदायिक वाटाघाटींचा मार्ग खुला करणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. कंत्राटदाराचा शिक्का मात्र त्यानेही पुसला नाही. एका सार्वभौम राष्ट्राने परक्या भांडवलापुढे इतक्या तत्परतेने वाकावे, याला विकास म्हणायचे काय?

पर्यटनाने गावाला रोजगार दिला, असे उत्तर मिळेल. दिलाही असेल. पण रोजगाराच्या मोबदल्यात कामगाराने हक्क गहाण टाकावेत, हा सौदा कोणी आणि कोणाच्या वतीने केला?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अखेरीस युद्धावरून परतलेल्या चौघा हॉबिटांना आपला मुलूख ओळखू येत नाही. झाडे तोडलेली, नदी गिरणीच्या घाणीने नासलेली, सर्वत्र गुंडांचा अंमल. ते शिंग फुंकतात, गावकरी उठतात आणि गाव सोडवतात. चित्रपटाने नेमके हेच प्रकरण गाळले. ज्या शायरमध्ये उठाव झालाच नाही, तेवढाच तिकीट काढणाऱ्याला दाखवला जातो.

म्हणून वाचकाने जरूर जावे, गोल दाराशी उभेही राहावे. मात्र परतल्यावर ते गाळलेले प्रकरण पुन्हा वाचावे. हरवलेले गाव तिकिटाने मिळत नाही. गावकऱ्यांनी एकजुटीने ते परत मिळवावे लागते.