झडपेचा दोष आणि घराण्याची माहिती

वसई पूर्वेतील वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात चाळिशीतल्या कामगाराला जिना चढताना धाप लागली, की दोष धुळीला किंवा तंबाखूला दिला जातो. टू-डी इको केल्यावर कधी कधी वेगळेच निघते : महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, असे डॉक्टर विचारतात. वडील गावी अचानक गेले, एवढेच अनेकांना ठाऊक असते.

हा प्रश्न औपचारिक नाही. दोन पाकळ्यांची झडप शंभरात एक-दोघांना असते. अनेकांना ती बरीच वर्षे त्रास देत नाही. काहींची मात्र लवकर कडक होऊन अरुंद होते किंवा गळू लागते. काहींची महाधमनीही रुंदावते. अशा रुग्णाचे आई-वडील, भावंडे व मुले यांच्यापैकी साधारण दहात एकाला हाच दोष असतो.

यामागचे एक कारण 2005 मध्ये विदु गर्ग, दीपक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडले. ‘नॉच-1’ या जनुकातील बिघाडामुळे गर्भावस्थेत झडपेची घडण चुकते. पुढे त्याच झडपेत हाडासारखे कॅल्शियम साचू लागते, कारण एरवी या प्रक्रियेला हेच जनुक आवर घालते. मार्फान सिंड्रोममध्ये दोष ‘एफबीएन-1’ जनुकात असतो; त्यात मायट्रल झडप सैल पडते, महाधमनी रुंदावते आणि प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता 50 टक्के असते.

तरीही सरसकट जनुकीय चाचणी हे उत्तर नाही. ‘नॉच-1’मधील दोष फार थोड्या रुग्णांत सापडतो, त्यामुळे अहवाल निर्दोष आला तरी झडप निर्दोष ठरत नाही. मार्फानसारखा आजार किंवा कुटुंबात महाधमनी फाटल्याचा इतिहास असेल, तेव्हा ही चाचणी उपयोगी पडते. बाकीच्यांसाठी जवळच्या नातेवाइकांचा इको अधिक सांगून जातो.

भारतात आणखी एक भान ठेवावे लागते. आपल्याकडे तरुण वयात झडपा निकामी होण्याचे मोठे कारण अजूनही ऱ्हुमॅटिक ताप हेच आहे. घशाच्या जिवाणूसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती झडपांवरच उलटते. हे कुणाच्या बाबतीत घडेल, यात जनुकांचा वाटा आहे. पण संसर्ग फैलावतो तो दाटीच्या वस्तीत. घसा वेळीच बरा केला आणि ताप येऊन गेलेल्यांना पेनिसिलिनची इंजेक्शने नियमित दिली, तर झडपा वाचवता येतात. इथे जनुकाआधी खोली आणि दवाखाना महत्त्वाचा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच झाली. जन्मजात आणि ऱ्हुमॅटिक, दोन्ही हृदयविकार त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. मात्र ही तपासणी मुलांपुरती आहे. त्यांच्या कामगार बापाची झडप कुणी तपासत नाही, आणि त्याचे भाऊ शेकडो किलोमीटरवर गावी असतात.

म्हणून झडपेचे निदान झाले, की गावी एक फोन करायला हवा. कोण कोणत्या वयात, कशाने गेले, हे विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे आणि भावंडांना, मुलांना इकोसाठी पाठवावे. या चौकशीला पैसे लागत नाहीत, आणि एखाद्या भावाचा जीव तिच्यामुळे वाचू शकतो.